भाजलेली जखम, हट्टी जंतू आणि आपला झाडपाला



आज थोडं आमच्या घरातलं सांगते आणि त्या निमित्ताने एक विषय समजावून द्यायचा प्रयत्न करते. मी मुंबईत एका हॉस्पिटलच्या जंतुशास्त्र विभागात ३१ वर्षं टेक्निशियन होते. रिटायर झाल्यावर आम्ही दोघं लेकीकडे आयर्लंडमध्ये, कॉर्क शहरात राहायला आलो. इथं आपल्या लोकांची वस्ती अशी नाहीच. साउथ टेरेसवरचं जुनं सिनेगॉगसुद्धा २०१६ साली बंद झालं. त्यामुळे शुक्रवारचे दिवे घरीच लावायचे आणि सणवार घरीच करायचे.

गेल्या हनुक्काच्या सुमारास खूप थंडी पडली होती. आमच्या ह्यांना गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपायची सवय. ह्यांना २२ वर्षं डायबेटिस आहे, पावलांना स्पर्श नीट कळत नाही. सकाळी उठून बघतात तर टाचेच्या वर पुरीएवढा फोड! रात्रभर कातडी भाजत होती आणि ह्यांना पत्ताच नाही.

आता ह्यांनी काय करावं? कोणाला काही बोलले नाहीत. खिडकीतल्या कुंडीतली कोरफड कापली, गर काढला, डब्यातली हळद त्यात कालवली आणि फोडावर थापून रुमाल बांधला. वर मुंबईहून येताना आणलेल्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या दोन दिवस घेतल्या. पाचव्या दिवशी मोजा काढताना मला वास आला. ३१ वर्षं ज्या वासात काढली तो मी विसरेन का?

डॉक्टरीणबाईंनी जखमेतला पू तपासायला पाठवला. रिपोर्ट आला: एमआरएसए. म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिकना न जुमानणारा जंतू. डायबेटिस, पाय आणि वर हा जंतू. पाऊल वाचेल ना, ही धास्ती घेऊन आम्ही हॉस्पिटलात गेलो.

पलंगावर पडल्या पडल्या हे मला म्हणाले, "अगं, हळदीने जंतू मरतात हे तूच सांगायचीस ना? अमेरिकेकडून हळदीचं पेटंट आपण जिंकलं ते काय उगीच?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर थोडं लांब आहे, म्हणून हा लेख.

भाजल्यावर जंतूंचं फावतं का?

आपली कातडी ही घराची भिंत. भाजलं की भिंत पडते. शिवाय जळून मेलेल्या कातडीत ओल असते, प्रथिनं असतात, म्हणजे जंतूंना आयतं जेवण. त्याहून वाईट म्हणजे मेलेल्या भागात रक्त फिरत नाही. तोंडाने घेतलेली गोळी रक्तातून जाते. जिथं रक्तच पोचत नाही तिथं औषध कसं पोचणार? म्हणून मोठ्या भाजण्यात डॉक्टर मेलेली कातडी आधी काढून टाकतात.

माझ्या नोकरीच्या काळात, सत्तर-ऐंशीच्या दशकांत, स्टोव्हचा भडका आणि साडीचा पदर यांनी जळलेल्या बायका रोज येत. वॉर्डातून आलेल्या कापसाच्या बोळ्यावर हिरवट पू आणि द्राक्षासारखा गोडसर वास असला की तपासायच्या आधीच कळायचं, हा स्यूडोमोनास. पिवळा घट्ट पू असेल तर बहुधा स्टॅफिलोकोकस. पुष्कळदा माणूस आगीतून वाचायचा आणि जंतूंपायी जायचा.

औषध आलं, आणि जंतू शहाणे झाले

पेनिसिलिनची गोष्ट आपल्या लोकांनी जरूर वाचावी. १९२८ मध्ये फ्लेमिंगना बुरशीचा गुण दिसला. पण त्या बुरशीतून माणसाला टोचता येईल असं औषध काढलं ते ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि अर्न्स्ट चेन यांच्या तुकडीने. चेन हे बर्लिनचे ज्यू. १९३३ मध्ये हिटलर आल्यावर ते इंग्लंडला निघून गेले. आई आणि बहीण मागे राहिल्या, त्या नाझींच्या हातून मेल्या. १९४५ चं नोबेल पारितोषिक या तिघांना मिळालं. चेन यांचं उतारवयात इथं आयर्लंडच्या मेयो काउंटीत घर होतं आणि १९७९ मध्ये तिथल्याच कॅसलबार गावी त्यांचं निधन झालं.

भाजलेल्यांशीही पेनिसिलिनचा जुना संबंध आहे. नोव्हेंबर १९४२ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसं गेली. वाचलेल्यांपैकी काहींना तेव्हा अगदी दुर्मिळ असलेलं पेनिसिलिन खास मागवून दिलं होतं.

पण फ्लेमिंगनी १९४५ च्या नोबेल भाषणातच बजावलं होतं की औषध अपुरं घेतलंत तर जंतू मरणार नाहीत, उलट औषध पचवायला शिकतील. तसंच झालं. काही जंतू पेनिसिलिन तोडायला शिकले, म्हणून १९५९ च्या सुमारास मेथिसिलिन आलं. १९६१ मध्ये त्यालाही दाद न देणारा स्टॅफिलोकोकस इंग्लंडमध्ये सापडला. तोच हा एमआरएसए.

याची युक्ती सोपी आहे. जंतूभोवती एक भिंत असते आणि ती बांधणारा एक गवंडी असतो. पेनिसिलिन जातीची औषधं त्या गवंड्याचे हात धरून ठेवतात. एमआरएसएने निराळाच गवंडी ठेवला, जो या औषधांच्या हाती लागत नाही. काम चालू, भिंत उभी!

ह्यांनी दोन दिवस घेतलेल्या गोळ्यांनीच हा जंतू घडला असं मी म्हणत नाही. पण अर्धवट पाकिटं कपाटात जपून ठेवायची आणि लागेल तशी घ्यायची, या सवयीने जगभर अशा जंतूंना खतपाणी मिळालं हे खरं.

कॉर्कमधलं मूळ

आता झाडपाल्याकडे येते. जुनी औषधं चालेनात, नवी फारशी येईनात, तेव्हा शास्त्रज्ञ पुन्हा वनस्पतींकडे वळले. यातलं एक काम आमच्या याच कॉर्क शहरात झालं. इथं एलिकॅम्पेन नावाची वनस्पती आहे. पुरुषभर उंच वाढते आणि तिला सूर्यफुलासारखी पिवळी फुलं येतात. पूर्वी युरोपात तिचं मूळ खोकल्याला देत आणि घोड्यामेंढ्यांच्या कातडीच्या रोगांवर लावत. आपल्या आयुर्वेदातलं पुष्करमूळ हे तिच्याच कुळातलं, सख्ख्या बहिणीसारखं.

कॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या, म्हणजे आताच्या मन्स्टर टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीमधल्या, सुझन ओशे, ब्रिजिड ल्यूसी आणि लेस्ली कॉटर या तिघींनी एलिकॅम्पेनचा अर्क काढला. आयर्लंडमधल्या रोग्यांकडून मिळालेले स्टॅफिलोकोकसचे २०० नमुने घेतले. त्यांत एमआरएसए होते आणि साधेही होते. २००९ मध्ये त्यांचा निबंध छापून आला. सगळ्या २०० नमुन्यांवर अर्क लागू पडला होता. औषधाला न जुमानणारे आणि जुमानणारे, दोघांवर सारखाच! कारण सरळ आहे. जंतू ज्या औषधाशी लढायला शिकला, त्याहून हे निराळं होतं.

आयर्लंड बेटावरची आणखी एक गोष्ट, झाडाची नाही पण मातीची. उत्तर आयर्लंडच्या फर्मॅना काउंटीत बोहो नावाचं गाव आहे. तिथं १८१५ मध्ये वारलेल्या फादर जेम्स मॅगर यांच्या थडग्याजवळची माती औषधी आहे असा लोकांचा विश्वास. चिमूटभर माती कापडात गुंडाळून उशीखाली ठेवायची आणि बरं वाटल्यावर परत आणून टाकायची. त्याच भागातल्या गेरी क्विन या जंतुशास्त्रज्ञाने आणि वेल्समधल्या स्वॉन्झी युनिव्हर्सिटीच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ती माती तपासली. तिच्यात स्ट्रेप्टोमायसीस जातीचा एक नवा जंतू निघाला आणि त्याने बशीत एमआरएसएसकट कित्येक हट्टी जंतूंची वाढ रोखली. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन याच कुळातल्या जंतूपासून आलं होतं.

म्हणजे जुन्या लोकांना काहीच कळत नव्हतं असं नाही. मग ह्यांचं चुकलं कुठे?

बशीत मेला म्हणजे जखमेत मेला असं नाही

हे मी माझ्या कामातून सांगू शकते. आमच्या लॅबमध्ये पेट्री डिश म्हणजे झाकणाची चपटी बशी असे. तिच्यात अगरचा थर ओतायचा. रोश हशानाला काहीजणी गव्हाच्या चिकाऐवजी ज्या चायना ग्रासचा हलवा करतात, तेच हे अगर. त्यावर जंतू पसरायचे आणि वर औषधाची टिकली ठेवायची. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती स्वच्छ कडं दिसलं की समजायचं, औषध लागू आहे. ते कडं बघून आनंद व्हायचा. पण आमचे साहेब म्हणायचे, "बाई, बशीला ना रक्त असतं, ना दुखणं."

पहिली गोष्ट मात्रेची. कॉर्कच्या प्रयोगात अर्क मिलिलिटरला सुमारे १ ते ९ मिलिग्रॅम लागला. चांगलं अँटिबायोटिक त्याच्या हजाराव्या भागाच्या आसपास काम करतं. बशीत कितीही दाट अर्क ओतता येतो, जखमेत नाही.

दुसरी गोष्ट, जे जंतूला मारतं ते आपल्या नव्या पेशींनाही मारू शकतं. एलिकॅम्पेनमधला अलँटोलॅक्टोन नावाचा पदार्थ जंतूंवर चालतो, पण काही माणसांच्या कातडीवर त्याच्यामुळेच खाज आणि पुरळ उठतं. चांगल्या कातडीवर ही तऱ्हा, तर सोललेल्या जखमेवर काय होईल?

तिसरी गोष्ट, जखमेतले जंतू बशीतल्यासारखे सुटे नसतात. तळ्याच्या दगडावर शेवाळ धरतं ना, तसा बुळबुळीत थर करून त्याखाली लपतात. औषध वरून वाहून जातं.

चौथी गोष्ट, जंतू सगळे सारखे नाहीत. स्यूडोमोनाससारख्यांना बाहेरून आणखी एक आवरण असतं, त्यामुळे स्टॅफिलोकोकसवर चालणारे बरेच अर्क तिथं फिके पडतात.

आणि पाचवी गोष्ट, जी आमच्या घरी घडली. प्रयोगातला अर्क गाळलेला आणि मोजलेला असतो. कुंडीतल्या कोरफडीला माती लागलेली असते. हळदीच्या डब्यात आपण ओला चमचा घालतो. हळदीत गुण असेल, पण हळदीची पूड निर्जंतुक नसते, आणि हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जेमतेम विरघळतं. पेटंटचं म्हणाल तर अमेरिकेने १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या सीएसआयआरने ते लढवलं आणि १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. फार अभिमानाची गोष्ट! पण तिथं सिद्ध काय झालं? हा वापर जुना आहे, तुमचा शोध नाही, एवढंच. भाजलेल्या टाचेला डब्यातली हळद लावा, असं त्या निकालात कुठेही नाही.

आपल्याकडच्या लोकांनी कसं करून दाखवलं

मग घरगुती वस्तू जखमेच्या औषधापर्यंत पोचतच नाही का? पोचते, आणि ते काम आपल्या महाराष्ट्रात झालंय.

मुंबईच्या वाडिया मुलांच्या हॉस्पिटलात डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या केल्या आणि भाजलेल्या मुलांना बांधल्या. पुढे सायन हॉस्पिटलात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी केली आणि बटाट्याच्या पट्टीशी ताडून बघितली. २००३ मध्ये त्यांचे निबंध छापून आले. केळीचं पान तितकंच कामी आलं आणि खर्चाला बरंच स्वस्त पडलं. पान जखमेला चिकटत नाही, त्यामुळे पट्टी बदलताना रोगी ओरडत नाही. जिनं भाजलेल्यांची ड्रेसिंग बघितली आहेत तिला विचारा याची किंमत. पण लक्षात घ्या, ही पानं, ह्या साली वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करून वापरल्या होत्या. त्यांचं मुख्य काम जखम झाकून ओलसर ठेवण्याचं, जंतू मारण्याचं नव्हे.

जंतूंवर चालला तो मध. मध हाही शेवटी फुलांचाच रस. सोलापूरच्या वैशंपायन मेडिकल कॉलेजातल्या डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला मध, दुसऱ्याला सिल्व्हर सल्फाडायझिनचं नेहमीचं मलम. १९९१ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत निकाल आला. मधाच्या गटात ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या, दुसऱ्या गटात ७ टक्के. पुढे जगभरचे प्रयोग एकत्र तपासणाऱ्यांनीही सांगितलं की वरवरच्या भाजण्यात मधाने जखम नेहमीच्या पट्टीपेक्षा सुमारे ४-५ दिवस लवकर भरते.

मध करतो काय? दाट साखरेमुळे जंतूंमधलं पाणी ओढून घेतो. आंबट असतो. आणि जखमेतल्या ओलीने पातळ झाला की त्यातून थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड सुटत राहतं. जंतूंवर एकाच वेळी तीन बाजूंनी मार.

पण म्हणून रोश हशानाची मधाची बाटली काढून जखमेवर ओतू नका हं! खाण्याच्या मधात जंतूंची बीजं असू शकतात. दवाखान्यातला मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो.

आपण काय करायचं

आपण शनिवार तेल्यांची लेकरं. आपल्या घरात भाजलं की पहिला हात तेलाच्या बुधलीकडे जातो. माझी आजीसुद्धा खोबरेल थापायची. पण तेल आतली उष्णता कोंडून ठेवतं. म्हणून एवढं पाठ करा:

भाजल्याबरोबर तो भाग २० मिनिटं नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली धरा. घड्याळ लावून २० मिनिटं. तीन तासांच्या आत केलं तरी उपयोग होतो. बर्फ नको.

बांगड्या, अंगठी, घड्याळ लगेच काढा. सूज आली की निघत नाहीत.

तेल, तूप, टूथपेस्ट, शाई, हळद, कोरफड, काही लावू नका. फोड फोडू नका. स्वयंपाकघरातला स्वच्छ प्लास्टिकचा पारदर्शक कागद अलगद वर ठेवा, करकचून गुंडाळू नका.

हाताच्या पंजाहून मोठं भाजलं असेल, चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा नाजूक जागा असेल, कातडी पांढरी किंवा काळी पडली असेल, तर लगेच दवाखाना. डायबेटिस असेल तर लहान फोडालाही दवाखाना. दुखत नाही म्हणून बरं समजू नका. न दुखणं हीच काळजीची खूण. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का विचारा.

पुढच्या दिवसांत लाली पसरली, वास आला, पू आला, ताप आला की थांबू नका. मोठा प्रसंग असेल तर भारतात १०८, इस्रायलमध्ये १०१, इथं आयर्लंडमध्ये ११२.

अँटिबायोटिक डॉक्टरांनी दिलं तरच, आणि सांगितलं तेवढे दिवस. उरलेली पाकिटं कपाटात नकोत.

आणि ती गरम पाण्याची पिशवी! उकळतं पाणी भरू नका. अंथरूण गरम करा आणि झोपायच्या आधी बाहेर काढा. इथल्या पिशव्यांवर फुलाचं चिन्ह असतं, त्याच्या मध्यभागी ती केव्हा बनली ते साल लिहिलेलं असतं. दोन वर्षं झाली की बदलायची. आमची पिशवी काढून बघितली, नऊ वर्षांची निघाली.

शेवटी

ह्यांचं पाऊल वाचलं, देवाची कृपा. आधी मेलेली कातडी काढली. या जंतूवर कोणतं औषध चालतं ते लॅबने शोधून दिलं, ते शिरेतून दिलं. सुरुवातीला चांदीचं ड्रेसिंग होतं. तिसऱ्या आठवड्यात नर्सने नवं पाकीट फोडलं आणि मी वाचलं, मधाचं ड्रेसिंग! मी लेकीला म्हटलं, "अगं, हे तर आपल्या सोलापूरला केलं होतं." ती म्हणाली, "आई, पप्पांना नको सांगूस. उद्या बरणी घेऊन बसतील."

सात आठवड्यांनी जखम भरली. पांढरा चट्टा राहिलाय, त्या जागी हे रोज हात फिरवून बघतात. मीही रोज संध्याकाळी चष्मा लावून दोन्ही पावलं तपासते. तुम्हीही एकमेकांची तपासत जा. एकटे असाल तर जमिनीवर आरसा ठेवून बघा.

कोरफडीची कुंडी अजून खिडकीत आहे, छान वाढली आहे. तिच्यात गुण नाही असं मी कधीच म्हणणार नाही. कॉर्कच्या त्या तिघींसारखी कुणीतरी धीराने बसून तो गुण काढेल, मोजेल, स्वच्छ करून देईल. तोवर ती कुंडीत शोभते.

सर्वांना दीर्घायुष्य आणि आरोग्य लाभो. आमेन.